६० जणांचे निवासी शिबिर आणि चुलीवरचा साधा स्वयंपाक : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

पांदणवाट :

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात शिकवतो आणि गेल्या दोन वर्षांपासून राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे आहे. आमचे सात दिवसांचे निवासी शिबिर यंदा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका लहान गावात होणार आहे. गावच्या शाळेला दोनच खोल्या असल्यामुळे मुलींची सोय खोल्यांमध्ये आणि मुलांची शाळेमागच्या पडीत तंबूंमध्ये करावी लागेल. शिक्षक धरून एकूण ६० माणसे जेवणारी आहेत. आमच्याकडे सुमारे ४० लिटरचे दोन गंज (मोठी खोल पातेली), एक मोठी कढई, दोन पराती आणि एक गॅसची शेगडी आहे. बाकीचा सगळा स्वयंपाक लाकडांवर करायचा आहे.

गेल्या वर्षी पहिल्याच रात्री आम्ही सगळ्यांची खिचडी एकाच गंजात लावली. अर्ध्या तासाने करपल्याचा वास आला म्हणून झाकण काढले, तेव्हा वरचा तांदूळ दाताखाली कचकचत होता आणि बुडाला दोन बोटे जाडीचा काळा थर बसला होता. मुले दिवसभर वनराई बंधाऱ्यासाठी वाळूची पोती भरून आली होती. पुन्हा नव्याने चूल पेटवून जेवण व्हायला रात्रीचे साडेदहा वाजले आणि तोवर काही मुली उपाशीच झोपल्या. त्या रात्रीची जबाबदारी माझी होती आणि ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

यंदा आठ-आठ विद्यार्थ्यांचे गट पाळीपाळीने स्वयंपाक करतील. त्यांच्यापैकी कोणीही घरच्या पाच-सात माणसांपलीकडे रांधलेले नाही. कोणते पदार्थ ठेवावेत, प्रमाण काय धरावे आणि चूल कशी मांडावी, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास फार मदत होईल.

चुलीपुढे :

सर, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आहे. आमच्या बचत गटाच्या बाया गेली पंधरा वर्षे लग्नकार्यात, सप्ताहात आणि महाप्रसादाला स्वयंपाक करतात. आपण लिहिलेली खिचडीची फजिती आमच्या हातूनही सुरुवातीला झालेली आहे, त्यामुळे तिचे कारण आधी सांगते.

घरच्या पातेल्यात दाण्यांचा थर चार बोटांचा असतो. गंजात तोच थर हातभर होतो. खालचे दाणे पाणी पिऊन फुगतात, वरच्या वजनाने दाबले जातात आणि बुडाशी घट्ट बसतात. मग पाण्याची उकळी वरपर्यंत पोहोचत नाही. आपण वर कच्चे आहे म्हणून जाळ वाढवतो आणि तो सगळा जाळ बुडालाच लागतो. म्हणून एक मोठा गंज लावण्याऐवजी दोन्ही गंजांत अर्धी-अर्धी खिचडी लावावी. आपल्याकडे दोन गंज आहेतच.

६० जणांना ५ किलो तांदूळ आणि २ किलो मुगाची डाळ पुरते. काम करून आलेली तरणी मुले आहेत, म्हणून मी माणशी ११५ ते १२० ग्रॅम कोरडे धान्य धरले आहे. प्रत्येक गंजात अडीच किलो तांदूळ, एक किलो डाळ आणि साडेअकरा ते बारा लिटर पाणी घ्यावे. फोडणी देऊन पाणी आधी घालावे, त्याला खळखळून आधण येऊ द्यावे आणि नंतरच धुऊन निथळलेले डाळ-तांदूळ सोडावेत. थंड पाण्यात दाणे टाकून वरून चूल पेटवली तर ते बुडाशी बसतातच. मीठ प्रत्येक गंजाला १२० ग्रॅमच्या आसपास लागते, परंतु सुरुवातीला १०० ग्रॅम घालून शेवटी चव पाहावी. तूरडाळ वापरायची असेल तर ती तासभर भिजवून, आधणात अर्धा तास शिजवून मग तांदूळ घालावा.

आता सर्वांत महत्त्वाची वेळ येते. दाणे वर दिसू लागले आणि पाणी त्यांच्या बरोबरीला आले की चुलीतली जळती लाकडे बाहेर ओढावीत. आत फक्त निखारे राहू द्यावेत. गंजावर परात झाकून परातीतही दोन-तीन फावडी निखारे पसरावेत आणि वीस मिनिटे कोणीही झाकण उघडू नये. वरून-खालून सारखी आच मिळाली की शेवटचा दाणाही फुलतो. हे लाकडे ओढण्याचे काम एका मुलाला नेमून द्यावे आणि त्याने त्या वेळी दुसरे काहीही करू नये, कारण खिचडी करपते ती याच पाच मिनिटांत.

एवढे करूनही बुड लागल्याचा वास आलाच, तर सराट्याने (उलथन्याने) खरवडू नये. वरचा भाग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा आणि बुडाचा थर तसाच राहू द्यावा. खरवडले की करपट वास सगळ्या गंजभर पसरतो.

चूल तीन दगडांची मांडू नका. एवढ्या वजनाखाली दगड सरकतात. जमिनीत सहा फूट लांब, फूटभर खोल आणि गंजाच्या बुडापेक्षा चार बोटे अरुंद असा चर खणावा. दोन्ही गंज एकाच चरावर बसतात आणि भांड्याचे वजन जमीन पेलते. चिमूटभर राख हवेत सोडली की वारा कोणत्या बाजूने आहे ते कळते. त्या बाजूला चराचे तोंड ठेवावे. दुसऱ्या टोकाला धूर निघायला वीतभर जागा मोकळी सोडावी. गंज चुलीवर ठेवण्यापूर्वी त्याच्या बाहेरून माती आणि राखेचा ओला लेप हाताने सारवावा. काजळी त्या लेपावर बसते आणि रात्री भांडी घासताना पाणी मारताच लेपासकट निघून जाते. हा लेप विसरला तर दोन मुले तासभर भांडी घासत बसतात.

सरपणासाठी बाभळीची वाळलेली लाकडे मुख्य ठेवावीत. तुराटी (तुरीची वाळलेली झाडे) आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) चटकन पेट घेतात, पण तितक्याच लवकर विझतात. त्यांचा उपयोग चूल पेटवण्यापुरता आणि मध्येच जाळ वाढवण्यापुरता करावा. आमच्या अनुभवाने ६० माणसांच्या एका वेळच्या जेवणाला २५ ते ३० किलो वाळलेले लाकूड लागते. ते शिबिराच्या आधीच आणून छपराखाली रचून ठेवावे, कारण डिसेंबरच्या दहिवराने उघड्यावरचे लाकूड सकाळी ओले असते आणि चहाला तास लागतो.

एक कळकळीची विनंती आहे. त्या दिवसांत शेताशेतांत कडब्याच्या आणि पऱ्हाटीच्या गंजी लागलेल्या असतात. चूल त्यांच्यापासून आणि तंबूंपासूनही लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी. चुलीजवळ पाण्याची दोन पिंपे भरून ठेवावीत आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने उकरून पुन्हा पाणी ओतावे. वरवर विझलेली राख खाली पहाटेपर्यंत धगधगत राहते.

धानपट्टा :

चुलीपुढे ताईंनी खिचडीचे जे सांगितले ते अगदी योग्य आहे. मी भंडारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे आणि स्काउटची शिबिरे अनेक वर्षे घेतली आहेत. आमचा भाग धानाचा असल्यामुळे भाताविषयी एक गोष्ट जोडतो.

नवख्या मुलांच्या हाती पाण्याचे मोजमाप देऊ नये. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त लागते, आणि दुकानातून आलेला तांदूळ कोणता आहे हे गंजात पडेपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा भात ओसवावा, म्हणजे जास्त पाण्यात शिजवून निथळून घ्यावा. सहा किलो तांदूळ अर्धा तास भिजवून दोन गंजांत विभागावा, भरपूर उकळत्या पाण्यात सोडावा आणि दहा-बारा मिनिटांनी एक शीत अंगठा व तर्जनीत दाबून पाहावे. मध्ये कणभर पांढरा ठिपका राहिला असेल तेव्हा जाळ ओढून शिते झाऱ्याने उचलून बांबूच्या स्वच्छ टोपल्यात काढावीत. उकळता गंज तिरपा करून पेज गाळण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांना कधीही करू देऊ नये. एका शिबिरात माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाच्या पायावर पेज सांडली होती आणि त्याला आम्ही मोटारसायकलवर तालुक्याच्या गावी नेले होते. निथळलेला भात रिकाम्या गंजात परत भरून पंधरा मिनिटे निखाऱ्यावर ठेवला की तो मोकळा होतो. या पद्धतीत पाणी कमी-जास्त होण्याची भीतीच उरत नाही.

उरलेली पेज टाकून देऊ नका. थोडे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून ती गरम पेज प्रत्येकाला वाटीभर द्या. श्रमदानाहून परतलेल्या मुलांना मुख्य जेवण होईपर्यंत तेवढ्याने धीर येतो. रात्रीच्या जेवणाची तयारी दुपारी चारलाच सुरू करावी, कारण त्या दिवसांत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बॅटरीच्या उजेडात तांदळातला खडा दिसत नाही.

पूर्णाकाठ :

सर, आपल्या गावाला पाणी कोणते आहे, याचा उल्लेख आपण केलेला नाही. माझ्या मते पदार्थ ठरवण्यापूर्वी तेच पाहिले पाहिजे.

मी अकोला जिल्ह्यातील आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तेथे विहिरींचे आणि बोअरचे पाणी खारे असते. आम्ही बाहेरगावच्या पाहुण्या आचाऱ्यांना पहिल्या दिवशीच सांगतो की मीठ नेहमीच्या अंदाजाने घालू नका. आपला यवतमाळ जिल्हा त्या पट्ट्यात येत नाही, परंतु बोअरचे जड पाणी कोठेही लागू शकते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळीचे साल-दाणे घट्ट राहतात आणि तास-दोन तास उकळूनही वरण घोटले जात नाही. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे असे समजावे.

आपण पाहणीसाठी गावात जाल तेव्हा मूठभर तूरडाळ सोबत न्या आणि तेथील पाण्यात कोणाच्याही घरी शिजवून पाहा. डाळ लवकर शिजली तर चिंता नाही. शिजली नाही तर शिजवण्यापुरते पाणी नळयोजनेचे किंवा टँकरचे आणावे आणि बोअरचे पाणी धुण्यासाठी वापरावे. डाळ दोन तास भिजवावी, शिजताना फक्त हळद आणि चमचाभर तेल घालावे, आणि मीठ, चिंच, टमाटर हे सगळे डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावे. आंबट आधी पडले की डाळ आखडते.

आपले शिबिर सपाटीवर आहे हे बरे आहे. मागे आमच्या मंडळाने चिखलदऱ्याला मुक्काम केला होता. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचावर असल्यामुळे पाणी तेथे ९६ अंशांच्या आसपासच उकळते, आणि खालच्या अंदाजाने लावलेले वरण आमच्या पोटात पडायला बराच उशीर झाला. मेळघाटासारख्या राखीव जंगलाच्या परिसरात मुक्काम असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय चूल पेटवूच नये. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात विस्तव पेटवणे हा गुन्हा ठरतो.

पिण्याचे पाणी तुरटी फिरवून निवळल्यानंतर खळखळून उकळून थंड करावे. तुरटीने गाळ खाली बसतो, परंतु जंतू मरत नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आरोग्यवाटा :

एकच मुद्दा लिहिते. रात्री उरलेला भात सकाळी फोडणी देऊन वाढण्याची पद्धत घरी चालते म्हणून शिबिरात चालवू नये. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास गंजात राहिला की त्यात बॅसिलस सिरिअस नावाचे जिवाणू वाढतात आणि ते तयार करतात त्यातील एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. मोठ्या गंजातला भात मधोमध पहाटेपर्यंत गरम असतो, म्हणून थंडीचा भरवसा धरू नये. शिजवल्यापासून दोन तासांत खाल्ले जाईल तेवढेच रांधावे आणि उरलेले गावातील गुरांना द्यावे. ज्याला जुलाब होत आहेत किंवा ज्याच्या बोटाला पिकलेली जखम आहे, त्याला त्या दिवशी स्वयंपाकातून वगळून दुसरे काम द्यावे. हात धुण्यासाठी तोटी असलेले पिंप आणि साबण चुलीच्या वाटेवरच ठेवावे. लांब ठेवले तर कोणी तेथपर्यंत जात नाही.

पांदणवाट :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गावात ग्रामपंचायतीची नळयोजना आहे; तरीही डाळ शिजवून पाहण्याची सूचना मी रविवारीच अमलात आणतो. आणखी दोन शंका आहेत. सात दिवस भात आणि खिचडीच दिली तर मुले कंटाळतील आणि पश्चिम विदर्भातील मुलांना भाकरी किंवा पोळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. ६० जणांच्या भाकरी आमच्याकडून होणे शक्य नाही. शिवाय शेवटच्या दिवशी गावकऱ्यांसोबत जेवण ठेवायचे आहे, तेव्हा माणसे शंभरावर जातील. त्या दिवशी काय करावे?

चुलीपुढे :

सर, भाकरी आपण थापूच नका, ती गावाकडून घ्या. माणशी दोन भाकरी धरल्या तर १२० भाकरी होतात. एक किलो ज्वारीच्या पिठात साधारण दहा भाकरी होतात, म्हणून बारा किलो पीठ दळून आणावे आणि तीस घरांत प्रत्येकी ४०० ग्रॅम द्यावे. प्रत्येक घरच्या बाईला आपल्या स्वयंपाकासोबत चारच भाकरी जास्त टाकायच्या असतात, त्यामुळे कोणावर भार पडत नाही. पीठ नेऊन देण्याचे आणि भाकरी गोळा करण्याचे काम मुलींनी दारोदारी जाऊन करावे. त्या निमित्ताने त्या घरांशी बोलणे होते, चुलीपाशी बसणे होते आणि शिबिर गावाचे होते. पिठाशिवाय नुसत्या भाकरी मागू नका. लोक देतील, पण ज्या घरात डबा रिकामा आहे त्या बाईला नाही म्हणता येत नाही.

भाकरीसोबत त्या दिवशी पिठले करा. अडीच किलो बेसन आणि दहा-अकरा लिटर पाणी लागते. बेसन आधी थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, फोडणीत बाकीचे पाणी उकळले की ते कालवण बारीक धारेने सोडावे आणि एकाने सतत ढवळत राहावे. वीस-पंचवीस मिनिटांत पिठले होते. घरून किलोभर जवसाची चटणी कुटून न्यावी. ती सात दिवस टिकते आणि कोणत्याही साध्या जेवणाला चव आणते. डिसेंबरात तुरीच्या हिरव्या शेंगा भरपूर मिळतात. सायंकाळी मुलांना गोलात बसवून शेंगा सोलायला द्याव्यात आणि त्या दाण्यांची वांगी घालून भाजी करावी. वरून सांभार (कोथिंबीर) चिरून टाकला की दुसरे काही लागत नाही.

सकाळच्या पोह्यांना साडेचार किलो जाड पोहे, दोन किलो आलू आणि दोन किलो कांदे पुरतात. आलू-कांद्याची फोडणी कढईत एकदाच तयार करून ठेवावी. पोहे मात्र किलो-किलोने भिजवून परातीत फोडणीशी मिसळावेत, नाहीतर खालचे पोहे लगदा होतात आणि शेवटच्या पंगतीला गार गोळे मिळतात.

शेवटच्या दिवशी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, करा. शंभर-सव्वाशे माणसांना रोडग्यांइतके सोयीचे दुसरे जेवण मला माहीत नाही, कारण त्याला ना तवा लागतो ना पोळपाट. जाडसर दळलेली कणीक थोडे तेल, मीठ आणि ओवा घालून घट्ट भिजवावी. एक किलो कणकेचे दहा-बारा रोडगे होतात, माणशी दोन धरले तर शंभर जणांना अठरा ते वीस किलो कणीक लागते. सोबत भात आहेच. गोळ्याची जाड पारी हाताने थापून तिला तेलाचे बोट फिरवावे, घडी घालून पुन्हा गोल करावे. असे पदर केले की भाजल्यावर आतून पापुद्रे सुटतात. गोवऱ्यांचा थर पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यावा. गोवऱ्या लाल होऊन वर पांढरी राख धरली की रोडगे त्यात मांडावेत, दर काही मिनिटांनी फिरवावेत आणि रंग आल्यावर गरम राखेत पुरून ठेवावेत. चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. रोडगा झाला की त्याला वरून भेग पडते. बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. शंका आली तर एक फोडून पाहा, मधली कणीक ओली दिसली तर आणखी दहा मिनिटे राखेत ठेवा.

राखेत पुरलेले रोडगे तासभर गरम राहतात, त्यामुळे सरपंचांना किंवा पाहुण्यांना यायला उशीर झाला तरी जेवण बिघडत नाही. वाढताना जाड फडक्यात पाच-सहा रोडगे घेऊन दोघांनी दोन टोके धरून हलवावीत, म्हणजे राख झटकली जाते. सोबत वांग्याची रस्सा भाजी, साधे वरण आणि चमचाभर तूप द्यावे. सव्वाशे माणसांना १५ किलो वांगी लागतील. वांगी चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाकावीत आणि किडकी बारकाईने पाहून काढावीत. हे काम दिवसाउजेडी, दुपारी तीनपूर्वी संपवा. गावात कोणाकडे पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर शंभर ताटे घासण्याचे पाणी वाचेल. गोवऱ्यांचे आताच कोणाला तरी सांगून ठेवा, दोनशे तरी लागतील, आणि त्या पूर्ण वाळलेल्याच घ्या. ओल्या गोवरीच्या धुराचा वास रोडग्याला लागला तर तो कशानेही जात नाही.

पांदणवाट :

ताई, वहीत सगळे उतरवून घेतले आहे. गोवऱ्यांसाठी गावातील दोन घरांना आजच निरोप पाठवतो आणि डाळ शिजते की नाही, ते रविवारी संध्याकाळी येथे लिहितो.